आईच्या ठिसूळ हाडांसाठी वर्षाची ड्रिप, सहामाही इंजेक्शन की रोजचं पेन?

नमस्कार मंडळी,

आई ६८ वर्षांची, लांज्याजवळ गावी एकटी राहते. पाळी लवकर गेली होती. मध्यंतरी पाण्याची बादली उचलताना पाठीत सणक भरली; एक्स-रेमध्ये एक मणका दबलेला निघाला. डेक्सामध्ये (हाडांच्या घनतेची तपासणी) कमरेचा टी-स्कोर उणे ३.४, म्हणजे हाडं बरीच ठिसूळ. किडनी ठीक आहे. ड जीवनसत्त्व कमी होतं, ते भरून काढणं सुरू आहे.

हाडांची झीज रोखणारी अलेन्ड्रोनेटची ७० मिग्रॅची आठवड्याची गोळी झेपली नाही. उपाशीपोटी घेऊन अर्धा तास आडवं न होणं ती पाळायची, तरी छातीतली जळजळ वाढतच गेली. डॉक्टरांनी बंद केली.

आता झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडची वर्षातून एक ड्रिप किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी, असं सुचवलंय. दोन्हींच्या मोठ्या चाचण्या वाचल्या. तीन वर्षांत मणक्याची नवी फ्रॅक्चर्स ड्रिपने ७० टक्के कमी झाली, डेनोसुमॅबने ६८. खुब्याची ४१ आणि ४०. चाचण्या वेगळ्या, त्यामुळे थेट तुलना नको, पण फरक फारसा दिसत नाही. मला धास्ती आहे ती डेनोसुमॅबचा डोस लांबण्याची. ते थांबलं की हाडांची झीज झपाट्याने होते आणि एकाच वेळी अनेक मणके दबू शकतात. ऐन पावसात गावाहून तिला वेळेवर कोण नेणार? आम्ही दोघी बहिणी पुण्यात.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत, आधी टेरिपॅराटाइड (नवं हाड तयार करणारं, पेनसारख्या इंजेक्शनने टोचायचं औषध), रोज २० मायक्रोग्रॅम, दोन वर्षांपर्यंत आणि मग ड्रिप. मणका आधीच दबलेल्या बायकांमध्ये याची रिसेड्रोनेट या गोळीशी तुलना झाली होती: दोन वर्षांत पेनवाल्यांत नवीन मणका दबला ५.४ टक्के बायकांचा, गोळीवाल्यांत १२ टक्के. आईची गत नेमकी तीच, म्हणून मन इकडेच ओढतंय. पण खर्च मोठा, शिवाय पेन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि गावात वीज जाते.

कुणाच्या आईने या वयात स्वतः पेन टोचून घेतलंय का? वीज गेल्यावर ते थंड कसं ठेवलंत? पहिल्या ड्रिपनंतरचा ताप किती दिवस राहिला? एक दाढही काढायची आहे. ती ड्रिपच्या किती आधी काढून घेतलीत?

नाचणी, तीळ, दूध आहारात आहेच, त्यामुळे कृपया औषधांचेच अनुभव सांगा.