बॉनेटखालची लाल माती : घरी इंजिन साफ केलेल्यांनी अनुभव लिहा

सावईचा सुपारीवाला

पाऊस सरला. परवा वायपरचं पाणी घालायला बॉनेट उघडलं, तर आत अर्धं कुळागर, म्हणजे सुपारीची बागच. कोपऱ्यात काजूची कुजलेली पानं, खाली लाल चिखल वाळून कडक झालेला, बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी पूड. गॅरेजवाला म्हणतो, "आणा, पाण्याचं प्रेशर मारून देतो." बाबा म्हणतात, "आम्ही डिझेल मारून कापडाने पुसायचो, काही झालं नाही." पण त्यांची गाडी कार्ब्युरेटरवाली, माझ्या गाडीत जिथे हात घालावा तिथे वायरी. ज्यांनी हे घरी केलंय त्यांनी लिहा. काय बिघडलं तेही लिहा, नुसते चकचकीत फोटो नकोत.

साखळीची धूळ

आमचं घर साखळीला, खाणीच्या ट्रकांच्या वाटेवर. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडण्याआधी अंगणातली तुळससुद्धा तांबडी असायची, मग इंजिनाचं काय सांगू? तेव्हा शिकलो ते एवढंच, की पाणी सगळ्यात शेवटी. या धुळीवर आधीच पाणी मारलं तर गेरू तयार होतो आणि फटीफटीत जाऊन बसतो. मी जुना रंगाचा ब्रश आणि ब्लोअर घेतो. निम्मं काम कोरडंच उरकतं. वायपरच्या खालच्या जाळीतली पानं हाताने काढा. तिथलं पाणी जायचं भोक तुंबलं की पावसात पाणी थेट पायाखालच्या मॅटवर येतं.

मडगाव-पणजी रोज

बिघडलेलं सांगतो. पणजीहून घरी आलो, इंजिन तापलेलं, म्हटलं गरम असताना तेलकटपणा लवकर सुटेल. नळाला पाइप लावला आणि वरून धार सोडली. गाडी सुरू झाली, पण जुन्या बोटीसारखी थरथरायला लागली आणि चेक इंजिनचा दिवा पेटला. मेकॅनिकने कॉइल (प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या) उपसल्या तर स्पार्क प्लगच्या खड्ड्यांत पाणी. हवेने सुकवलं, तरी एक कॉइल गेलीच. 1,800 रुपये आणि बायकोची बोलणी, ती वेगळी. तापलेल्या धातूवर थंड पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो, हे मेकॅनिकने वर ऐकवलं. माझं नशीब, तेवढ्यावर निभावलं.

म्हापशाची सून

नवरा बोटीवर, त्यामुळे वर्षातले आठ महिने गाडी माझ्या गळ्यात. मी असं करते. गाडी रात्रभर उभी, सकाळी सावलीतच काम. बॅटरीची आधी निगेटिव्ह वायर सोडवायची (घड्याळ आणि रेडिओचं सेटिंग जातं, चालतं). मग अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करतो तो), फ्यूज बॉक्स, एअर फिल्टरचं तोंड आणि जिथे वायरींचा गुच्छ जोडलेला दिसेल तिथे धुतलेल्या दुधाच्या पिशव्या, वर रबर. तेल भरायचं झाकण आणि डिपस्टिक घट्ट आहेत ना, बघायचं. डिग्रीझर (तेलकटपणा काढायचं औषध) बाटलीवर लिहिलंय तेवढं पातळ करून खालून वर फवारायचं. चार-पाच मिनिटं थांबायचं, पण सुकू द्यायचं नाही, नाहीतर डाग पडतात. कोपऱ्यांना जुना टूथब्रश. धुवायला पाइप नाही, बागेतली झारी! तेवढं पाणी पुरतं. मग कापडाने टिपायचं आणि बॉनेट दोन तास उघडं.

आणि पिशव्या मोजून घालायच्या, मोजून काढायच्या. एकदा मी पाच घातल्या, चार काढल्या. पर्वरीपर्यंत जळक्या प्लास्टिकचा वास पुरला. एवढं झाल्यावर निगेटिव्ह वायर लावून दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवते, उरलेली ओल उडून जाते.

मुरगावचा वारा

समुद्राकाठी ती बॅटरीची पूड आमच्या पाचवीलाच पुजलेली. वायर काढून खायचा सोडा कोमट पाण्यात कालवायचा, ब्रशने लावायचा, फेस आला की पुसायचं. बॅटरीच्या झाकणांतून सोडा आत जाऊ देऊ नका. डोळ्यांवर चष्मा हवा, बॅटरीत ॲसिड असतं. सुकल्यावर वर व्हॅसलीन.

वाळपईहून

साखळीवाल्या भावाशी एका बाबतीत सहमत नाही. आमच्याकडे बॉनेटखाली उंदरांचं घरटं होतं. नारळाची सोडणं, कापसाचे बोळे आणि कुरतडलेली एक वायर. तिथे ब्लोअर अजिबात नको, सगळं नाकात जातं. हातमोजे आणि मास्क घालून आधी जंतुनाशक शिंपडा, भिजू द्या, मग कागदाने उचला. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो.

साखळीची धूळ

मान्य. आमच्याकडे मांजर आहे म्हणून लक्षात आलं नाही.

रिटायर फिटर, फोंडा

सगळ्यांनी धुण्याचं लिहिलं, बघण्याचं कोणी लिहिलं नाही. अरे बाबांनो, माती ही घाण, पण तेल म्हणजे खबर! कुठेतरी गळतंय म्हणून ते तिथे आहे. धुऊन टाकलंत तर मेकॅनिक काय बघणार? आधी टॉर्च लावून उजेडात नीट बघा, मोबाइलवर फोटो काढा, मगच ब्रश उचला.

डिझेल-रॉकेलबद्दल, सुपारीवाल्याच्या बाबांना माझा नमस्कार सांगा, आम्हीही तेच करायचो. पण त्याने रबरी पाइप फुगतात, आणि गरम सायलेन्सरच्या नळीवर पडलं तर पेट घ्यायला वेळ लागत नाही. प्रेशरची धार कनेक्टरच्या रबरातून आत घुसते. बिघाड आठ-पंधरा दिवसांनी दिसतो, तेव्हा कारण कोणाच्या ध्यानात येत नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी केबलच्या वाटेला जाऊच नका, त्यात जबर करंट असतो. चमकवायचा स्प्रे इंजिनाच्या पट्ट्यावर पडू देऊ नका, पट्टा घसरतो. आणि तेलकट पाणी बांयीच्या (विहिरीच्या) बाजूला वाहू देऊ नका. खाली लाकडाचा भुसा नाहीतर जुने पेपर पसरा.

सावईचा सुपारीवाला

काकांचं ऐकून काल सकाळी फक्त बघितलं. टॅपेट कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) मागच्या कडेला ओल आहे, त्यावर माती चिकटून खपली झालीय. फोटो काढला, तेवढीच जागा कापडाने पुसून ठेवली. आठ दिवसांनी परत ओली दिसली तर झाकणाखालचं गॅस्केट (गळती अडवणारी पट्टी) बदलून घेतो आणि मगच झारी हातात घेतो. पानं काढली, सोड्याने बॅटरी साफ केली. बाबा बाजूला उभे राहून बघत होते. रॉकेलची बाटली त्यांच्या हातात होती, पण काही बोलले नाहीत.