हळदी-कुंकवाला ओल्या पावट्याचं डिप: पाणी सुटतंय, रंग जातोय, काय करावं?

टिळकवाडी_वहिनी

नमस्कार मंडळी. रथसप्तमीच्या आधी हळदी-कुंकू आहे, चाळीस बायका धरल्यात. तिळगुळाबरोबर काहीतरी तिखट-आंबट हवं म्हणून ओल्या पावट्याचं डिप ठरवलंय. त्यात चक्का, काकडी, गाजर, ढबू मिरची, कांद्याची पात, ओला लसूण, कोथमीर, लिंबू. सोबत कडक भाकरीचे तुकडे.

पाव किलो दाण्यांचं करून पाहिलं तर तीन गोष्टी चुकतात. दीड तासात भांड्याच्या कडेनं पाणी सुटतं. हिरवा रंग जाऊन शेवाळासारखा करडा होतो. आणि मिक्सरमध्ये कितीही फिरवलं तरी सालं जिभेला लागतात. दाणे कुकरमध्ये दोन शिट्ट्या दिले होते, लिंबू आणि मीठ वाटतानाच घातलं होतं.

बायका पाच ते आठ येत राहणार, तयारी दुपारी दोनपर्यंत उरकायची आहे. चाळीस जणींचं प्रमाण सांगा. चार-पाच जैन घरं आहेत, त्यांच्यासाठी काय बदलायचं तेही सांगा.

शहापूरची_काकू

वहिनी, आधी प्रमाण घ्या. डिप माणशी साठ ग्रॅम पुरतं, म्हणजे अडीच किलो तयार माल. त्याला शेंगांतून काढलेले ओले दाणे सव्वा किलो लागतील. शेंगा तीन किलो आणा. किलोभर शेंगांतून निम्म्याहून कमीच दाणे निघतात, आणि शेंगा पोचट असल्या तर आणखी कमी. घेताना शेंग दाबून बघा, दाणा बोटाला लागला पाहिजे. पिवळी पडत आलेली शेंग नको, तिचा दाणा निबर असतो, तो बाकीच्यांबरोबर शिजत नाही.

दही एक किलो, त्याचा चक्का चारशे ते साडेचारशे ग्रॅम. काकडी अर्धा किलो, गाजर पाव किलो, ढबू दोनशे ग्रॅम, पातीची एक जुडी, कोथमीर एक जुडी, ओला लसूण मूठभर, हिरव्या मिरच्या सहा-सात, भाजलेले पांढरे तीळ साठ ग्रॅम, लिंबं चार. मीठ सगळं मिळून वीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साडेतीन सपाट चहाचे चमचे. काकडीला लावाल ते मीठही यातच धरायचं, नाहीतर शेवटी खारट होतंय.

तीळ विसरू नका. कोरडे भाजून, गार करून, आधी एकट्याची पूड करायची. ती सुटलेलं पाणी थोडंफार धरते, आणि संक्रांतीच्या दिवसांत तीळ घरात असतातच.

आता सालाचं. तुमचा मिक्सर साल बारीक करत नाही, तिचे नुसते पापुद्रे करतोय, म्हणून जिभेला लागतात. वाटायचे दाणे सोलूनच घ्यायला हवेत. बेंगळूर-म्हैसूरकडे अवरेकाळू (म्हणजे पावटाच) करतात तसं करा: कच्चे ओले दाणे पाच-सहा तास पाण्यात ठेवायचे, मग दाणा चिमटीत धरून दाबला की आतला हिरवा गर टुपकन बाहेर येतो. रात्री भिजत घालून सकाळी दोघीतिघी बसलात तर तासाभरात उरकतं. सगळे सोलू नका. सव्वा किलोतले तीनशे ग्रॅम कोवळे दाणे सालासकट शिजवून अख्खेच ठेवा आणि शेवटी मिसळा. अख्ख्या दाण्याची साल दाताखाली चांगली लागते, खटकतो तो तिचा चुरा.

खानापूर_रान

कुकर बंद करा, निम्मं काम तिथंच होतंय. हिरव्या भाजीतलं हरितद्रव्य आंबटाला टिकत नाही. दाणे शिजताना त्यांच्यातूनच थोडं आम्ल वाफेबरोबर बाहेर पडतं, झाकण असलं की ते परत पाण्यात उतरतं आणि दाणा करडा होतो. मोठ्या पातेल्यात तीन लिटर पाणी खळखळ उकळायचं, लिटरला चमचाभर मीठ, आणि दाणे उघड्यावर शिजवायचे. सोललेल्याला सहा ते आठ मिनिटं, सालवाल्याला बारा ते पंधरा. दोन्ही वेगवेगळे. घड्याळापेक्षा चिमटीवर भरवसा ठेवा: दाणा दाबला की लोण्यासारखा दबला पाहिजे, मधे खडा लागता कामा नये.

झालं की लगेच चाळणीत ओतून बर्फाच्या पाण्यात दोन मिनिटं, मग परत निथळून स्वच्छ पंचावर पसरा. अर्धा तास तरी. ओला दाणा वाटला की ते पाणी डिपमध्येच जाणार.

शिजवलेलं पाणी टाकून द्या, आमटीला ठेवू नका. पावटा म्हणजे वालाच्याच जातीचा, त्याच्या दाण्यात कडवट विषारी अंश असतो. तो उकळून आणि पाणी फेकून कमी होतो. ओल्या दाण्यात तो वाळलेल्यापेक्षा कमी, तरीपण कच्चा किंवा अर्धकच्चा पावटा वाटून घालायचा नाही. कोसंबरीत, म्हणजे कानडी कोशिंबिरीत, मुगाची डाळ नुसती भिजवून चालते, तो हिशोब इथे लावू नका.

आणखी एक, बोअरचं पाणी जड असलं तर दाणा लवकर मऊ होत नाही. पाण्यातलं कॅल्शिअम सालीला घट्ट करतं. घरात राकसकोप किंवा हिडकल धरणाचं नळाचं पाणी येत असेल तर तेच वापरा.

निपाणी_किचन

चिमूटभर सोडा घातला तर रंग जात नाही आणि लवकर शिजतं पण. हे कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितोय.

खानापूर_रान

@निपाणी_किचन दादा, रंग राहतो हे खरं, पण सोड्यानं दाणा बाहेरून चिखल होतो आणि आत तसाच राहतो. साबणासारखी चव येते ती लिंबानंही जात नाही, बी-१ जीवनसत्त्वही नासतं. कोवळा दाणा आठ मिनिटांत शिजतोय, तिथे सोड्याची गरज काय? उघडं पातेलं आणि बर्फ एवढ्यावर भागतंय.

हुक्केरी_सुगरण

पाण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण डिप बिघडतं ते नव्वद टक्के वेळा पाण्यानंच.

मीठ भाजीतलं पाणी ओढून बाहेर काढतं. तुम्ही मीठ आणि लिंबू वाटतानाच घातलं, म्हणजे पुढे मिसळलेल्या काकडी-गाजराला लगेच पाणी सुटायला लागलं. त्यावर चक्का मिक्सरमध्ये फिरवला असेल तर तोही फुटला. चक्क्याची वीण नाजूक असते, मिक्सरच्या पात्यानं ती मोडते आणि धरून ठेवलेलं पाणी सोडते. म्हणून चक्का कधीही वाटायचा नाही, उलथन्यानं वरून खाली हलक्या हातानं दुमडत मिसळायचा.

दही रात्री मलमलच्या कापडात बांधून फ्रीजमध्येच टांगा, खाली भांडं. बाहेर टांगलं तर सकाळपर्यंत आंबट होतं, आणि आंबट चक्क्यानं रंग आणखी लवकर उतरतो. तयार चक्का कापडाला न चिकटता गोळ्यासारखा सुटला पाहिजे.

काकडी उभी चिरून चमच्यानं बिया खरवडून काढा, मग बारीक चिरा. अर्ध्या किलोला एक चमचा मीठ लावून वीस मिनिटं चाळणीत ठेवा आणि मुठीत घट्ट पिळा. अर्धा किलोची तीनशे ग्रॅम उरेल, घाबरू नका, तेवढीच हवी आहे. गाजर किसू नका, किसाचं पाणी थांबत नाही. ज्वारीच्या दाण्याएवढं बारीक चिरा. ढबूच्या आतल्या पांढऱ्या शिरा काढून टाका. टोमॅटो तुमच्या यादीत नाही ते उत्तम, कुणी आग्रह केला तरी घालू नका.

कोथमीर हा लपलेला चोर आहे. धुतलेली जुडी वरून कोरडी दिसते आणि पानांत पाणी अडकलेलं असतं. सकाळीच धुवून, झटकून, पंचात गुंडाळून ठेवा, चिरायची मात्र संध्याकाळी.

वाटायचा क्रम: तिळाची पूड, मिरच्या, ओला लसूण, थोडं मीठ आधी. मग सोललेले, पूर्ण गार झालेले दाणे तीन खेपांत. मिक्सर सलग चालवू नका, दोन-दोन सेकंदांचे झटके द्या आणि मधे झाकण काढून कडा खाली ओढा. पाते अडलं तर पाणी नको, चमचाभर शेंगतेल घाला. वाटण जाडसर, थालीपिठाच्या पिठापेक्षा किंचित मऊ हवं. दाणे गरम असताना वाटले तर आधी पातळ वाटतं आणि गार झालं की पिठूळ आळतं, मग माणूस पाणी घालतो आणि तिथून सगळं बिघडत जातं.

टिळकवाडी_वहिनी

काकू, ताई, दादा, खूप आभार. एक शंका राहिली: दोनला सगळं मिसळून फ्रीजमध्ये ठेवलं तर आठपर्यंत टिकेल का?

हुक्केरी_सुगरण

मिसळून नको, वहिनी. दोनला तीन वेगळे डबे करा: पहिल्यात वाटण आणि अख्खे दाणे, दुसऱ्यात चक्का, तिसऱ्यात चिरलेल्या भाज्या, तळाशी कोरडं फडकं घालून. तिन्ही फ्रीजमध्ये. पात आणि कोथमीर ऐनवेळी.

मग तीन खेपा करा, पाच, सहा आणि सात वाजता. प्रत्येक खेपेला वाटण-चक्का-भाज्या मिळून आठशे ग्रॅम एकत्र करायचं, उरलेलं मीठ आणि एका लिंबाचा रस तेव्हाच घालायचा. चव बघा, चौथं लिंबू हाताशी राखीव ठेवा. अशानं कुठल्याच बाईच्या ताटात तासाभरापेक्षा जुनं डिप जात नाही, पाणी सुटायला आणि रंग जायला वेळच मिळत नाही. शिजवलेलं कडधान्य आणि दही बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नसतंच. जानेवारीत आपल्याकडे संध्याकाळी गार असतं, पण चाळीस माणसं बसलेला हॉल गरम होतो. आदल्या खेपेचं उरलेलं नव्यात मिसळू नका, बाउलही दुसरा घ्या.

फोडणी शेवटी: तीन चमचे शेंगतेल, मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, दोन ब्याडगी मिरच्या तोडून. ब्याडगी रंगाला, झणका हवा असेल तर एखादी संकेश्वरी. फोडणी कोमट होऊ द्या आणि मगच वरून घाला, कडकडीत तेल पडलं तर चक्का तिथेच फुटतो.

सदलग्याची_श्राविका

जैन घरांसाठी नुसता कांदा-लसूण काढून भागत नाही. गाजर आणि आलंही चालत नाही, कंदमूळ म्हणून. कांद्याची पात, ओला लसूण त्यातच आले. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कच्चं दही आणि कडधान्य एकत्र हे द्विदल होतं, ते वर्ज्य. पावटा आणि चक्का म्हणजे नेमकं तेच. म्हणून त्यांच्या बाउलमध्ये चक्का नकोच.

पाचजणींना तीनशे ग्रॅम पुरे. सोललेले शिजवलेले दाणे दीडशे ग्रॅम, ओलं खोबरं पन्नास ग्रॅम, भाजलेले तीळ वीस ग्रॅम, एक हिरवी मिरची, जिरं, मीठ, अर्धं लिंबू. वरून पिळलेली काकडी आणि ढबू. खोबऱ्यानं चक्क्याचा मऊपणा येतो. ओलं खोबरं लवकर आंबतं, त्यामुळे हे चार वाजता वाटा, दोनला नाही. मिक्सरचं भांडं लसणाआधी यासाठी वापरा किंवा वेगळंच घ्या, चमचाही वेगळा. बऱ्याचजणी सूर्यास्तानंतर खात नाहीत, तेव्हा त्यांना पहिल्याच खेपेला बोलवा. त्या दिवशी अष्टमी किंवा चतुर्दशी असेल तर हिरवी भाजी चालते का हे आधी विचारून घ्या, घरोघरी वेगळं असतं.

निपाणी_किचन

सोड्याचं पटलं. शेंगा चांगल्या मिळाल्या नाहीत तर अलसंदी, म्हणजे चवळी घ्या. अर्धा किलो कोरडी चवळी शिजून सव्वा किलोच्या आसपास होते. टेक्सासमध्ये चवळीचा असाच प्रकार करतात, काउबॉय कॅव्हिअर म्हणतात. त्यात वाटत नाहीत आणि दहीही नाही, अख्खी चवळी, ढबू, कांदा, मिरची तेल-व्हिनेगरमध्ये मुरवतात. तो तीन-चार तास मुरला की उलट चांगला लागतो, त्यामुळे दोनला मिसळून ठेवायला तोच सोयीचा. फक्त राजमा घ्यायचा विचार असेल तर रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळ उकळल्याशिवाय पुढे जाऊ नका. मंद आचेवर अर्धवट शिजलेल्या राजम्यानं उलट्या होतात.

शहापूरची_काकू

भाकरीचं कुणी लिहिलं नाही. कडक भाकरी चाळीसजणींना पंचवीस पुरतील, एका भाकरीचे आठ तुकडे. आधी मोडून ताटात मांडू नका, सादळते आणि डिपमध्ये बुडवली की वाकते. डब्यातून काढून खेपेखेपेला मोडा. विकत घेताना पातळ, पारदर्शक दिसणारी नको, जरा जाड बघा. पातळ भाकरीचा तुकडा पावट्याच्या वजनानं मोडून बाउलमध्येच राहतो.