मदत हवी आहे: रेक्सिस पळतं आणि केस हातातून जाते

नमस्कार मंडळी. मी नेत्रविभागात पीजी करते आहे, दुसरं वर्ष. ओपीडी, स्लिट लॅम्प, चष्म्याचे नंबर हे सगळं अंगवळणी पडलं. इनडायरेक्टमधून (डोळ्याच्या आतला पडदा बघायचं यंत्र) उलटा दिसणारा पडदासुद्धा आता मनात आपोआप सुलटा होतो. गाडी अडली आहे ती ओटीत.

मोतीबिंदूच्या केसमध्ये टनेल (डोळ्यात शिरायची बोगद्यासारखी चीर, तीच आमची 'जखम') बरं जमायला लागलंय. पुढे रेक्सिस आलं की घात. इथे सगळेच डॉक्टर नाहीत म्हणून सांगते: डोळ्यातलं भिंग एका पारदर्शक पिशवीत असतं. तिच्या पुढच्या पापुद्र्याला साधारण ५ ते ५.५ मिमीचं गोल तोंड करायचं, म्हणजे आतला मोतीबिंदू काढता येतो आणि त्याच पिशवीत कृत्रिम भिंग बसवता येतं. हे तोंड कापून होत नाही. पापुद्रा चिमट्यात धरून गोल गोल फाडत न्यायचा. माझा गोल पाऊण होतो आणि मग फाट काठाकडे पळते.

पळाली की मागून सर म्हणतात, "ऊठ." आवाज चढवत नाहीत, हे मान्य. पण भूल डोळ्यापुरतीच, पेशंट टक्क जागा. मागच्या आठवड्यात कापडाखालून एका आजोबांनी विचारलं, "डॉक्टर बदलले का?" माझी वाचाच बसली. सर म्हणाले, "आम्ही दोघंही इथेच आहोत, आजोबा."

पेशंटचा डोळा आधी, त्यावर वाद नाही. पण पळालेली फाट परत कशी आणायची हे मी फक्त उभ्याने बघते, हाताने एकदाही केलेलं नाही. सरांशी हे कसं बोलावं? आणि मुळात पळतं का? हात थरथरतो म्हणून असेल का? गेल्या महिन्यात ९ वेळा बसले, ६ वेळा उठले.

स्लिटलॅम्पवाली: हात सगळ्यांचाच थरथरतो गं. मनगट टेकवलंस, खुर्ची नीट लावलीस आणि श्वास रोखून बसली नाहीस की बराचसा थांबतो. त्याला दोष देण्याआधी एक सांग. पळतं ते घड्याळाच्या कितव्या आकड्यावर? तुमच्या मायक्रोस्कोपला कॅमेरा असेल तर रेकॉर्डिंग घेऊन बस, आवाज बंद करून. आवाज चालू ठेवलास तर नुसतं "ऊठ" ऐकू येईल.

जुना टाका: मी शिकलो तेव्हा रेक्सिस नव्हतंच. सुईने टोचे मारत डब्याचं झाकण उघडावं तसं कॅन-ओपनर करायचो. गिम्बेल आणि नॉयहान यांनी गोल फाडायची पद्धत रूढ केली ती १९८० च्या दशकात, त्यामुळे आमच्या पिढीने ती नोकरीत असताना शिकली. शिक्षकच शिकाऊ होते! तेव्हा लाज सोड.

सरांकडे "पूर्ण केस द्या" असं मागू नकोस. एक पायरी माग, पण ओळीने दहा केसमध्ये तीच. मी माझ्या मुलांना उलटीकडून शिकवायचो. आधी शेवटचं व्हिस्को (डोळ्यात जागा धरून ठेवणारं जेल) धुणं, मग भिंग बसवणं, मग कॉर्टेक्स (मोतीबिंदूचा बाहेरचा मऊ थर) काढणं, आणि रेक्सिस व न्यूक्लियस (आतला कठीण गाभा) सगळ्यात शेवटी. तोपर्यंत पाय पेडलवर आणि डोळा मायक्रोस्कोपला रुळलेला असतो. एकदम टनेलपासून बसवलं की मूल चौथ्या मिनिटाला घामाघूम होतं आणि नेमकं तेव्हाच रेक्सिस येतं.

धागाकर्ती: स्लिटलॅम्पवाली, तुझ्या तोंडात साखर पडो. काल रात्री नऊही व्हिडिओ पाहिले. सहापैकी पाच वेळा एकाच जागी पळालंय, जखमेच्या लगेच खाली! तिथे पोचायला मी चिमटा उभा करते, जखमेचा खालचा ओठ दाबला जातो आणि व्हिस्को भसकन बाहेर. पुढचा कप्पा (भिंगाच्या पुढची पोकळी) उथळ होताना स्पष्ट दिसतो. मी मात्र त्या वेळी फ्लॅपकडेच, म्हणजे सुटलेल्या पापुद्र्याच्या तुकड्याकडेच बघत होते.

फेकोफिरस्ता: मग उत्तर तुझं तूच शोधलंस. कप्पा उथळ झाला की भिंग पुढे फुगतं आणि फुगलेल्या चेंडूवर फाट उताराकडेच धावते. चिमटा जखमेत वल्ह्यासारखा चालला पाहिजे. टेकू जागच्या जागी, हलतात ती फक्त टोकं. व्हिस्को अर्ध्यातच पुन्हा भर, कंजुषी नको. फ्लॅप दर दोन-तीन तासांच्या अंतरावर सोडून फाटीच्या मुळाशी पुन्हा धर. (तास म्हणजे घड्याळाच्या तोंडावरचे, नाहीतर पेशंट म्हातारा व्हायचा.)

सध्या साइडपोर्टमधून (बाजूचं छोटं भोक) सिस्टीटोमने, म्हणजे वाकवलेल्या २६ नंबरच्या सुईने कर. भोक लहान, व्हिस्को आतच राहतं.

पळालंच तर आधी हात थांबव, व्हिस्को भर. मग ब्रायन लिटल यांची युक्ती: दुमडलेला फ्लॅप उलगडून भिंगावर सपाट पसर, मुळाजवळ धर, आल्या वाटेने आडवा मागे ओढ आणि मग केंद्राकडे वळव. वर उचलायचा नाही. फाट बुबुळाखाली जाऊन दिसेनाशी झाली असेल तर मात्र मुकाट्याने ऊठ. पांढऱ्या फुगलेल्या मोतीबिंदूत आत्ता हात घालू नकोस. निळा रंग घातलेला पापुद्रा मधोमध फाटून दोन्हीकडे निळं आणि मध्ये पांढरं दिसतं, त्याला अर्जेंटिनाचा झेंडा म्हणतात. तो फडकलेला मी स्वतः पाहिलाय, माझ्याच हातून.

ट्रॉलीपलीकडून: मी ओटीत सिस्टर आहे, डॉक्टर नाही. पण "ऊठ"बद्दल सांगते. आमच्याकडे शब्द ठरलेला आहे. सर म्हणतात, "लाइट जरा बघू," की शिकणारे डॉक्टर सरकतात. आणि केस सुरू व्हायच्या आधीच पेशंटला सांगतो की आत दोन डॉक्टर आहेत, दोघं मिळून करणार. मग मध्ये कोणी विचारत नाही. ताई, खुर्ची आणि पेडल हात धुवायच्या आधी लावून घेत जा. तुम्ही मुलं सरांच्या उंचीच्या खुर्चीवर तशीच बसता आणि मग खांदे कानाला लागतात.

धागाकर्ती: सिस्टर, खांद्यांचं अगदी खरं आहे, व्हिडिओत हँडल सतत हलताना दिसतं.

आज सरांशी बोलले. व्हिडिओतला व्हिस्को निसटतानाचा तेवढाच तुकडा दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला आणि म्हणाले, "हे मला वरून दिसलंच नव्हतं." पुढच्या लिस्टला मला रेक्सिस फक्त साइडपोर्टमधून, बाकी केस त्यांची. पळालं तर व्हिस्को भरेपर्यंत हात माझाच, त्यानंतर ते ठरवतील. शब्दाचंही सांगितलं, त्यावर नुसते हसले.

एक शेवटचं. वेट लॅबमध्ये जनावराच्या डोळ्यावर सराव करते तर पापुद्रा रबरासारखा ताणला जातो. माझंच चुकतंय का?

फेकोफिरस्ता: नाही. तो पापुद्रा जाड आणि लवचीक असतो, लहान मुलांच्या डोळ्यात असतो तसा. तिथे ठरवलेल्या गोलापेक्षा आतल्या बाजूला ओढत राहा, फाट आपोआप मोठी होते. त्यावर हाताची वळणं शीक, जोर किती लावायचा ते शिकू नकोस. जोराच्या सरावासाठी बाटलीच्या तोंडावर पातळ प्लास्टिकचा कागद ताणून बसव आणि जखमेच्या जागी पुठ्ठ्याला चीर पाडून चिमटा त्यातूनच घाल. चीर रुंदावली की समज, ओठ दाबला गेला.