‘अप’चे तीस अर्थ, आणि आपण नुसते अवाक्?

शंकासुर
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड या महिन्यात तिसऱ्यांदा आला. इंग्रजीतला ‘अप’ हा एवढासा शब्द, पण आपण वेक अप होतो, ड्रेस अप करतो, गिव्ह अप करतो, नाटकासाठी मेकअप करतो आणि भांडण झालं की मेक अपही करतो. असे मोजून तीस. शेवटी तळटीप: ‘एवढी लवचिक भाषा जगात दुसरी नाही, आणि आपण पोरांना मराठी शाळेत घालायचा हट्ट धरतो.’ खाली सतरा अंगठे. तिथे उत्तर दिलं तर मेंटेनन्सच्या मीटिंगमध्ये वचपा निघतो, म्हणून इथे लिहितोय.

एक तर ‘गिव्ह अप’मधलं हार मानणं हे एकट्या अपचं नाही, जोडीचं आहे. गिव्हला बाजूला काढा आणि अपकडून हार मानून घेऊन दाखवा. दुसरं, लवचिकपणाच बघायचा तर आपलं ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, लग्न लागतं, डोळा लागतो, वेड लागतं, बोलणं मनाला लागतं, रस्त्यात गाव लागतं, वेळ लागतो, पैसे लागतात, पाऊस पडायला लागतो, आणि तो तुमचा कोण लागतो? एका दमात चौदा झाले, अजून चहा घेतलेला नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती काढून ‘लागणें’ बघा. त्या गोऱ्या माणसाला कळलं ते आमच्या सतरा अंगठ्यांना कळू नये?

अनुस्वार
शंकासुर, स्वतःच्याच पायावर धोंडा. अपच्या वेळी ‘अर्थ जोडीचा’, आणि लागणेच्या वेळी सगळी जोडी लागणेच्या खात्यावर? ‘डोळा लागला’मधला डोळा काढा आणि लागणेला झोपवून दाखवा.

शंकासुर
बरं. धोंडा भारी आहे, मान्य. पण तुम्ही कुठल्या बाजूने आहात तेवढं सांगा.

अनुस्वार
कुठल्याच नाही. हा खेळच पोरकट आहे. मोजणीच करायची तर अपला विचारतो कोण? ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे ४३०च्या आसपास अर्थ होते. पुढे ‘रन’ नव्याने लिहायला घेतला तेव्हा पीटर गिलिव्हर हे संपादक नऊ महिने त्या एकाच शब्दात अडकले होते, आणि २०११ साली नुसत्या क्रियापदाचा आकडा आला ६४५. म्हणून काय इंग्रजी दीडपट श्रीमंत झाली? संपादकाने जास्त बारीक चिरलं, एवढंच. जो शब्द रोज वापरात, त्यालाच जास्त अर्थ फुटतात, हे झिप्फ नावाच्या अमेरिकन भाषाभ्यासकाने १९४५ सालीच दाखवून दिलंय. आपली घेणे, काढणे, मारणे, बसणे बघा की.

आणि ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’ यांतला अप ओळखीचा नाही वाटत? तो आपला ‘टाक’ आहे. खाऊन टाक, पिऊन टाक, संपवून टाक. काहीही न टाकता आपण दिवसभर टाकत असतो. तिथेही वर जाण्याचा संबंध नाही, काम पुरतं उरकलं एवढंच. म्हणून तर घर बर्न अप होतं आणि बर्न डाउनही होतं, राख तेवढीच.

वेदमूर्ती_नाशिक
मूळ मुद्दा कुणीच मांडला नाही. अप म्हणजे आपला ‘उप’. संस्कृतातूनच गेलाय.

अनुस्वार
‘गेला’ नाही हो. उप आणि अप चुलत भावंडं, दोघांचे आजोबा एकच. आपल्या ‘उपरि’वरून ‘वर’ आला आणि त्याचा इंग्रजीतला चुलतभाऊ ‘ओव्हर’. चुलतभावाला मुलगा म्हणायचं नसतं, वारसाहक्काचे वाद होतात.

वेदमूर्ती_नाशिक
तुमच्यासारख्यांमुळेच आपल्या लोकांना न्यूनगंड आलाय.

जुना_डबा
भाषेतलं मला कळत नाही. पण बावीस वर्षं पुणे-मुंबई अप-डाउन केलंय, तेव्हा अपवर बोलायचा हक्क आहे. पुण्याहून मुंबईला जाणारी गाडी बोरघाट उतरते, तिला म्हणायचं अप. मुंबईहून पुण्याला येणारी गाडी सदतिसास एक असा चढ चढते, कर्जतला मागे बँकर इंजिनं लावून तिला ढकलावं लागतं, आणि तिला म्हणायचं डाउन! रोज घाट चढताना मनात यायचं, हे नाव देणारा एकदा तरी खिडकीत बसला होता का?

यार्डातला_माणूस
नाव देणारा खिडकीत बसत नाही, ऑफिसात बसतो. अप म्हणजे मोठ्या ठिकाणाकडे. विलायतेत लंडनकडे जाणारी गाडी अप, तीच पद्धत इथे आली. मध्य रेल्वेवर सीएसएमटीकडे अप, पश्चिमेवर चर्चगेटकडे अप. उंचीचा काही संबंध नाही.

पेठेतला
म्हणजे मुंबई ‘वर’ आणि पुणं ‘खाली’? समुद्रात भराव टाकून केलेलं शहर वर? हे कागदोपत्री शंभर-दीडशे वर्षं चाललंय आणि कुणाला लाज नाही.

यार्डातला_माणूस
साहेब, कोल्हापूरहून पुण्याला येणारी गाडीही अपच असते. तेवढं समाधान माना.

रंकाळा
हे बरं आहे! दोघांच्या भांडणात आम्ही तळाला. कोल्हापूरला यायचं म्हणजे डाउन व्हायचं? या तर खरं, खाली आलाय का वर ते पांढऱ्या रश्श्यावर ठरवू.

पेठेतला
रश्श्याने उंची ठरत नाही.

रंकाळा
आणि पाट्या लावून ठरती व्हय?

कृष्णाकाठ
भांडू नका, माझी फजिती ऐका. ९१ साली सांगलीहून नोकरीसाठी मुंबईला आलो. दादरला एकाला विचारलं, मशीद बंदरला कसं जायचं. तो न थांबता म्हणाला, ‘अप स्लो पकडा.’ मला वाटलं, अप म्हणजे वर, स्लो म्हणजे हळू. ट्रंक घेऊन पुलावर गेलो, हळूहळू. वर गाडी नाही. अर्धा तास पुलावर उभा राहून खालच्या गाड्या बघत होतो. शेवटी एका हमालाने विचारलं, ‘कुणाची वाट बघताय?’ इंग्रजीत मला बोर्डाला ७१ मार्क होते.

शंकासुर
धागा अपवर होता, गाडी कुठे गेली? असो. कृष्णाकाठ, तुमची ट्रंक माझ्या तीस अर्थांवर भारी पडली. पण अनुस्वार, एक राहिलंच. वाद अर्थ मोजण्याचा नव्हता, त्या तळटीपेचा होता. एका शब्दाचे तीस अर्थ इंग्रजीत असले की वैभव, आणि मराठीत असले की ‘किती कन्फ्युजिंग भाषा आहे तुमची’. हे माझ्या पुतण्याच्या बायकोने माझ्या तोंडावर म्हटलंय.

अनुस्वार
हे आधी लिहिलं असतंत तर मी भांडलोच नसतो. या एका मुद्द्यावर तुमच्याशी सहमत. स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुन्हा मिळणार नाही.

सुमाताई_ठाणे
पण कन्फ्युजिंग आहेच हो! माझी सून पालक्काडची. चार वर्षांत मराठी छान शिकली, पण लागणेने तिला रडवलं. फणस झाडाला लागतो म्हणजे येतो, आणि भाजी कढईला लागते म्हणजे जळते, हे कसं? मी म्हटलं, अगं, दोन्हीकडे चिकटतंच की. ती म्हणाली, मग नोकरी? मी म्हटलं, तीही चिकटते, सरकारी असली तर. एकदा आमटी चाखून म्हणाली, ‘आई, मीठ लागत नाही.’ मला कळेना, हिला मीठ नकोय की आमटी अळणी झालीय. दोन्ही अर्थ बरोबर! शेवटी मीठ घातलं, तर तिला नकोच होतं.

शंकासुर
सुमाताई, तुम्ही माझ्या बाजूने की विरुद्ध?

सुमाताई_ठाणे
मी सुनेच्या बाजूने. परवा महाबळेश्वरला जाताना घाटात पांढरीफटक पडून म्हणाली, ‘आई, मला गाडी लागली.’

यार्डातला_माणूस
कुठल्या फलाटावर?