लाल-हिरवं विणलं की लांबून मातकट का दिसतं?

कोथरूडची_विणकर: फ्रेम लूमवर (चौकटीचा छोटा माग) वॉल हँगिंग करतेय, सिंहगड, खाली हिरवा डोंगर आणि मागे सूर्यास्ताचं लाल आकाश. लोकर रविवार पेठेतून आणलीये, रंग एकदम झकास, जवळून मस्त दिसतंय पण सोफ्यावर जाऊन बसलं की डोंगराची कडच गायब. आणि मधे जिथे लाल-हिरवा एकाआड एक ओळ घेतलाय तिथे सरळ तपकिरी!! अजून भडक रंग घेऊ का?

ताणाबाणा: भडक नको ओ. मोबाइलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा, दोन्ही सारखेच करडे दिसतील बहुतेक, म्हणजे रंग वेगळे पण उजळ-गडदपणा एकच, मग लांबून कड दिसणार कशी. पिवळा मुळातच उजळ, जांभळा मुळातच गडद, लाल-हिरवे मधेच कुठेतरी अडकतात. तपकिरीचं कारण वेगळं, बारीक ओळी लांबून डोळाच एकत्र करतो आणि लाल-हिरव्यासारखे विरुद्ध रंग मिसळले की मेलेच. तेच दोन रंग रुंद पट्ट्यात घ्या, एकमेकांना पेटवतात.

पेठेतला_रंगारी: हे जुनं दुखणं आहे. पॅरिसच्या गोब्लँ या टॅपेस्ट्री (विणलेली चित्रं) बनवणाऱ्या कारखान्यात शेवरल नावाचा केमिस्ट १८२४ पासून रंगाई बघायचा, तिथे तक्रार होती की काळा रंग नीट उठत नाही, त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हतीच, शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे तो फिका वाटत होता. १८३९ मध्ये त्याने सगळं सविस्तर छापलं. तेव्हा लोकर निवडताना गुंडी एकटी बघू नका, पुठ्ठ्याच्या पट्टीवर शेजारी शेजारी गुंडाळून बघा.

येवलेकर_पुण्यात: पैठणीचा पदर बघा की, मागे जरीची चमक म्हणून मोर उठून दिसतो. पण जरीचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो फसवतो हं, कोन बदलला की उजेड बदलतो, त्यापेक्षा डोळे किलकिले करून बघा. धूपछाव तर वेगळीच गंमत, ताणा (उभा धागा) एका रंगाचा, बाणा (आडवा) दुसऱ्या, पण ते तुमच्यात नाही जमणार, तुमची टॅपेस्ट्री, तिच्यात बाणा ताण्याला पूर्ण झाकतो ना.

कोथरूडची_विणकर: फोटो काढला, खरंच सगळं एकच करडं 😭 अर्धं आकाश झालंय, उसवू का?

ताणाबाणा: छे! उरलेलं आकाश फिकट केशरी, पिवळ्याकडे नेत जा. झालेल्या कडेला सुईने गडद हिरवा धागा ओवा. तपकिरी पट्टा राहू दे, उन्हाळ्यात सिंहगड तसाच दिसतो.