साडेतीन महिन्यांच्या बाळासाठी रिंग स्लिंग, रॅप की बकलचे कॅरिअर?

प्रश्न: रानजाई (डोंबिवली)

नमस्कार. आमचा मुलगा साडेतीन महिन्यांचा असून त्याचे वजन सहा किलोच्या आसपास आहे. मान बऱ्यापैकी धरतो, पण झोप आली की ती अजून कलंडते. माझी प्रसूती सिझेरियनने झाली असून वाकताना किंवा जिना चढताना टाक्यांच्या जागी अजूनही ओढ लागते. संध्याकाळी तो किरकिरू लागला की अंगावर घेतल्याशिवाय शांत होत नाही आणि सतत उचलून घेतल्यामुळे माझ्या कमरेबरोबरच अंगठ्याखाली मनगटातही दुखू लागले आहे. शिवाय माहेर ठाण्याला असल्याने लोकलचे जिने आहेतच, आणि तिथे एक हात मोकळा असणे मला अत्यावश्यक वाटते.

दुकानात बाळाला अंगावर बांधून घेण्याचे तिन्ही प्रकार पाहिले: रिंग स्लिंग (एका खांद्यावरून घेऊन दोन रिंगांतून ओवायचे कापड), ताणले जाणारे रॅप (अंगाभोवती गुंडाळून बांधायचा लांब पट्टा) आणि बकलचे कॅरिअर (खांद्यांना व कंबरेला पट्टे असलेली तयार झोळी), पण निर्णय होत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत कोणता प्रकार सुसह्य होईल? यजमान माझ्यापेक्षा जवळजवळ एक फूट उंच आहेत, तर एकच कॅरिअर आम्हां दोघांना चालेल का? सासूबाईंना काळजी वाटते की असे पाय फाकवून बसवल्याने बाळ पुढे फेंगडे चालेल. जुन्या सुती साडीने बांधून घे, वेगळे काही विकत आणण्याची गरज नाही, असेही त्यांचे म्हणणे आहे. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: गोधडी

रानजाई, तुम्ही सांगितलेल्या परिस्थितीत मी ताणले जाणारे रॅप आधी बाजूला ठेवेन. होजियरीसारख्या कापडाचा तो लांबच लांब पट्टा नवजात बाळाला फार छान लपेटतो, परंतु बांधताना त्याचे दोन-तीन थर बाळावर आणि तुमच्या अंगावर येतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात ते दोघांनाही नकोसे होते. त्यातून बाळ सहा-सात किलोचे झाले की कापड खाली ओघळू लागते आणि सारे वजन पुन्हा कमरेवर येते.

घरातल्या घरात आणि जवळच्या कामांसाठी रिंग स्लिंग उत्तम. एकच थर असतो, कंबरपट्टा नसल्याने टाक्यांवर दाब येत नाही आणि सवय झाली की मिनिटभरात बाळ आत बसते. सवय लागेपर्यंत मात्र चिकाटी हवी. कापड खांद्यावर चांगले पसरून दंडाच्या सुरुवातीपर्यंत आणावे, रिंगा गळ्याच्या हाडाच्या थोड्या खाली याव्यात, आणि घट्ट करताना शेपटाचे, म्हणजे रिंगांतून खाली लोंबणाऱ्या टोकाचे, सगळे कापड एकदम न ओढता वरची किनार, मधला भाग आणि खालची किनार वेगवेगळी ओढावी. वरची किनार सैल राहिली की बाळ मागे झुकते, खालची सैल राहिली की ते घसरून उभे राहते. नव्याने वापरणाऱ्या बहुतेकींची तक्रार यातूनच उद्भवते. वजन एकाच खांद्यावर येत असल्यामुळे दर वेळी खांदा बदलावा.

लोकलच्या प्रवासासाठी आणि यजमानांसाठी बकलचे कॅरिअर घ्यावे, कारण त्यात वजन दोन्ही खांदे आणि कंबर यांत विभागले जाते. बसण्याच्या भागाची रुंदी आणि पाठीची उंची कमी-जास्त करता येते का, हे दुकानातच पाहावे. ती सोय असेल तर तुम्हां दोघांच्या उंचीतील फरकाची अडचण येत नाही, फक्त हातबदल झाला की पट्टे नव्याने जुळवावे लागतात. आत जाड स्पंज भरलेले कॅरिअर दिसायला आरामदायी वाटते, पण आपल्या हवेत पातळ सुती कापडाचे किंवा पाठीला जाळी असलेले घ्यावे. दोन्ही घेणे शक्य नसेल तर माझे मत बकलच्या बाजूने आहे, मात्र कंबरपट्टा टाक्यांवर न बांधता बेंबीच्या वर बांधावा. बाळही त्यामुळे आपोआप योग्य उंचीवर येते.

प्रतिसाद: निरांजन

मी फिजिओथेरपिस्ट असून सासूबाईंच्या शंकेबद्दल सविस्तर लिहिते, कारण ही शंका घरोघरी असते आणि तिच्यामागे बाळाची काळजीच असते.

जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत खुब्याच्या सांध्याची खोबण अजून घडत असते आणि तिचा बराचसा भाग मऊ कूर्चेचा असतो. मांडीच्या हाडाचा गोल माथा त्या खोबणीत नीट बसून राहिला तर खोबण खोल आणि गोलाकार तयार होते. गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर आणि मांड्या बाजूला पसरलेल्या असताना, म्हणजे बाळाला आपण कडेवर घेतो तेव्हा ते जसे बसते तशा स्थितीत, हा माथा खोबणीत सर्वांत चांगला बसतो. तेव्हा कॅरिअरमधील या बैठकीने बाळ फेंगडे होत नाही. लहान बाळांच्या पायांना जो नैसर्गिक बाक असतो, तो चालू लागल्यावर साधारण दोन वर्षांच्या सुमारास आपोआप सरळ होत जातो.

खरी जपण्याची गोष्ट याच्या उलट आहे. दुपट्यात पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळण्याची आपल्याकडची पद्धत खुब्याला मारक ठरू शकते. जपानमध्ये 1970च्या दशकात पाय सरळ बांधून न ठेवण्याविषयी देशभर मोहीम राबवली गेली आणि तेथील बाळांमध्ये खुबा निखळण्याचे प्रमाण मोठ्या प्रमाणावर घटले. त्यामुळे गुंडाळायचेच असेल तर हात गुंडाळावेत, पाय मोकळे हलू द्यावेत. हाच निकष कॅरिअरला लावायचा: बसण्याचे कापड एका गुडघ्याच्या मागून दुसऱ्या गुडघ्याच्या मागपर्यंत पोहोचले पाहिजे. फक्त जांघेत अरुंद पट्टी येऊन पाय खाली लोंबकळत असतील तर ते कॅरिअर घेऊ नये. जन्मतःच खुब्याची तक्रार असेल किंवा बाळ पायाळू होते, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रतिसाद: कोकणकडा

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. साडीविषयी थोडे लिहितो, कारण आमच्या घरी हा प्रयोग झालेला आहे.

सहावारी साडीची लांबी साधारण साडेपाच मीटर असते, त्यामुळे लांबीचा प्रश्न येत नाही. प्रश्न कापडाच्या दमाचा आहे. बाळासाठी विणलेल्या रॅपचे कापड बहुधा तिरप्या विणीचे असते, त्यामुळे ते तिरके ताणले जाऊन बाळाच्या पाठीच्या गोलाईला धरून बसते आणि उभे-आडवे मात्र ताणले जात नाही. साध्या विणीच्या साडीला ती लवचीकता नसते आणि वर्षानुवर्षे धुतलेले सूत घडीच्या जागी विरलेले असते. साडी उजेडासमोर धरून पाहावी. कुठे पातळ जागा दिसल्या तर तिचे दुपटे शिवावे, तिच्यावर बाळाचे वजन टाकू नये. घरी रिंग स्लिंग शिवायचे असेल तर रिंगा त्यासाठीच बनवलेल्या, विनासांध्याच्या घ्याव्यात.

आता श्वासाचे सांगतो, कारण माझ्या मते बाकी सगळ्या निवडीपेक्षा याचे महत्त्व मोठे आहे. चार महिन्यांखालील बाळाची श्वासनलिका मऊ असते आणि हनुवटी छातीला टेकली की ती दबू शकते. बाळ त्या वेळी रडून सांगतही नाही. 2010 साली अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने याच कारणासाठी चार महिन्यांखालील बाळांच्या बाबतीत स्लिंगबद्दल इशारा दिला आणि बाळाला पिशवीसारखे आडवे झोपवणारी दहा लाखांहून अधिक स्लिंग्ज बाजारातून परत मागवण्यात आली. म्हणून बाळ उभेच घ्यावे, मान खाली घातली की तुमच्या ओठांना त्याचा माथा लागेल इतके वर घ्यावे, नाक-तोंड सतत दिसत राहावे, आणि हनुवटीखाली तुमची दोन बोटे जातील एवढी जागा असावी. स्लिंगमध्ये दूध पाजलेत तर पाजून झाल्यावर त्याला पुन्हा उभे करून कापड घट्ट करावे. तुमच्या बाळाची मान झोपेत कलंडते, म्हणून हे विशेष आग्रहाने लिहिले.

प्रतिसाद: रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना निरांजन यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, त्यांना तो पटला आणि दुपट्याची गाठ आजपासून सैल झाली आहे. एक शंका उरते. कॅरिअरमध्ये बाळ छातीशी पक्के बांधलेले असेल तर यजमानांच्या स्कूटरवर मागे बसून स्टेशनपर्यंत गेल्यास चालेल का?

प्रतिसाद: कोकणकडा

कृपया जाऊ नका. अंतर कितीही कमी असले तरी माझे उत्तर हेच राहील. कॅरिअर चालण्यासाठी बनवलेले असते, आघात सोसण्यासाठी नव्हे. पडताना तुमचे स्वतःचे वजनच बाळावर येते. चार वर्षांखालील मुलांना दुचाकीवर नेताना चालकाला बांधलेला सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांपुढील मुलांना हेल्मेट आणि ताशी 40 किलोमीटरची वेगमर्यादा असा केंद्राचा नियम फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे, आणि तुमच्या बाळाच्या मानेला तर हेल्मेटचे ओझेही पेलणार नाही. मोटारीतही कॅरिअर काढून बाळाला त्याच्या वयाच्या, मागे तोंड असलेल्या आसनातच बसवावे.

स्टेशनपर्यंत रिक्षाने जावे, गर्दीची वेळ टाळावी, आणि कॅरिअर घरीच आरशासमोर बांधून घराबाहेर पडावे, म्हणजे फलाटावर धक्काबुक्कीत बकल शोधत बसावे लागणार नाही.