जॉन अर्विन: तुरुंगातील पाच वर्षांचा त्यांच्या संशोधनाला नेमका काय उपयोग झाला?

वाचनवेडी (प्रश्न)

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात गुन्हेगारीशास्त्र शिकताना जॉन अर्विन (१९२९–२०१०) यांचे नाव वाचनात आले. १९५२ साली शस्त्राचा धाक दाखवून पेट्रोलपंप लुटल्याबद्दल कॅलिफोर्नियातील सोलेडॅड तुरुंगात पाच वर्षे काढलेला हा माणूस पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्रातून डॉक्टरेट मिळवतो आणि सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक होतो, ही हकीकत थक्क करणारी आहेच. परंतु त्यांच्याविषयीचे बरेचसे लेखन जिद्दीच्या कौतुकापाशीच थांबते. स्वतः कैदी राहिल्यामुळे इतर अभ्यासकांच्या नजरेतून निसटलेले काय त्यांना दिसले? आणि स्वानुभवामुळे त्यांचे संशोधन एकांगी झाले नाही का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना वकील

तुरुंगजीवनाचे अभ्यासक डोनाल्ड क्लेमर (१९४०) आणि ग्रेशम साइक्स (१९५८) यांच्या लेखनामुळे त्या काळी असे मानले जाई, की कैद्यांचे अलिखित नियम तुरुंगाच्या भिंतींआडच जन्माला येतात: स्वातंत्र्य, वस्तू, सहवास, सुरक्षितता हिरावली गेली की माणसे आपली वेगळी रीत उभी करतात. अर्विन यांनी आपले शिक्षक डोनाल्ड क्रेसी यांच्यासह १९६२ मध्ये लिहिलेल्या लेखात याला मोठी दुरुस्ती सुचवली. यांतील बरेचसे नियम कैदी बाहेरूनच घेऊन येतो, असे त्यांचे म्हणणे होते. मुरलेला चोर ‘साथीदाराविरुद्ध तोंड उघडायचे नाही’ हा दंडक चोरांच्या जगातच शिकलेला असतो. शिक्षा मुकाट्याने भोगावी, जमल्यास थोडी चैन करावी आणि बाहेर पडावे एवढीच त्याची अपेक्षा असते. उलट लहानपणापासून सुधारगृहांत वाढलेल्याला तुरुंग हेच जग वाटते, त्यामुळे सोयीचे काम, जास्तीची सिगारेट, साहेबांपर्यंतची ओळख यांतच त्याची प्रतिष्ठा असते. दोघेही सिगारेटी मिळवतात. एकाला त्या ओढायच्या असतात, दुसऱ्याला त्यांच्या जोरावर चार माणसांत वजन वाढवायचे असते. माझ्या मते हा फरक ओळखायला त्या आवारात राहिलेल्या माणसाचीच नजर हवी होती.

पुण्याची अभ्यासक

एकांगीपणाची शंका रास्त आहे. मात्र अर्विन यांनी स्वतःचीच कहाणी पुरावा म्हणून पुढे केली नाही. बर्कलीत त्यांना अर्व्हिंग गॉफमन आणि डेव्हिड मॅट्झा या समाजशास्त्रज्ञांसारखे शिक्षक लाभले आणि १९७० च्या ‘द फेलन’साठी त्यांनी कैद्यांच्या व पॅरोलवर सुटलेल्यांच्या मुलाखतींचा आधार घेतला. त्या पुस्तकातील सुटकेनंतरच्या पहिल्या दिवसांचे वर्णन मला सर्वांत मोलाचे वाटते. तुरुंगात माणूस चालतोही संथ. बाहेर आल्यावर गर्दीचा वेग, वाहने, दुकानातले साधे बोलणे, सगळेच अंगावर येते. काम मिळणे ही पुढची गोष्ट. आधी या साध्या व्यवहारांत त्याची त्रेधा उडते, आणि पॅरोल अधिकाऱ्याला मात्र त्याची ‘प्रगती’ हवी असते. पुन्हा तुरुंगात जाण्याचे कारण केवळ दुष्ट स्वभावात शोधणाऱ्यांना हे प्रकरण वाचून आपले मत तपासावे लागते.

मर्यादाही सांगायला हवी. अर्विन यांच्या प्रेरणेने १९९० च्या दशकात आकाराला आलेल्या ‘कन्व्हिक्ट क्रिमिनॉलॉजी’ (स्वतः तुरुंगवास भोगलेल्या अभ्यासकांचे गुन्हेगारीशास्त्र) या प्रवाहात दीर्घकाळ गोऱ्या पुरुषांचाच आवाज प्रबळ राहिला, स्त्रिया आणि कृष्णवर्णीय फारसे दिसले नाहीत, अशी टीका झाली आहे. ती मला योग्य वाटते.

जुना वकील

एका गोष्टीची भर घालतो. त्या काळी कॅलिफोर्नियात शिक्षा अनिश्चित मुदतीची असे. कैदी केव्हा सुटणार हे न्यायालय नव्हे, तर ‘अ‍ॅडल्ट अथॉरिटी’ हे मंडळ ठरवी, आणि ‘सुधारलो’ असे मंडळाला पटवून देता देता माणसाची वर्षे निघून जात. या पद्धतीवर टीका करणाऱ्यांत अर्विन आघाडीवर होते. १९७६ च्या कायद्याने मुदती निश्चित झाल्या खऱ्या, पण नंतरच्या विधिमंडळांनी त्याच मुदती वाढवत नेल्या. १९७० च्या दशकाअखेर राज्यात सुमारे २०,००० कैदी होते, ते २००६ पर्यंत १,७०,००० च्या वर गेले. ज्या सुधारणेसाठी आपण झगडलो ती अशी उलटलेली पाहणे किती क्लेशदायक असेल! तरीही ते गप्प बसले नाहीत. जेम्स ऑस्टिन यांच्यासह त्यांनी १९९४ मध्ये अमेरिकेच्या या बेसुमार कैदेवर स्वतंत्र पुस्तक लिहिले.

वाचनवेडी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी?

पुण्याची अभ्यासक

१९८५ च्या ‘द जेल’पासून करावी. त्यात शिक्षा भोगणारे नव्हेत, तर मुख्यतः अटक होऊन खटल्याची वाट पाहणारे लोक आहेत. अर्विन दाखवतात, की तेथे भरडले जातात ते प्रामुख्याने धोकादायक गुन्हेगार नव्हेत. समाजाशी धागा तुटलेले, नजरेला खुपणारे गरीब लोकच अधिक असतात, आणि थोड्या दिवसांच्या कोठडीनेही नोकरी, भाड्याची खोली, सामान हातचे जाते. आपल्याकडील कच्च्या कैद्यांचा प्रश्न अभ्यासणाऱ्याला ही मांडणी फार जवळची वाटेल. शिवाय १९६७ साली त्यांनी सॅन फ्रान्सिस्को स्टेटमध्ये सुरू केलेल्या ‘प्रोजेक्ट रीबाउंड’विषयीही अवश्य वाचावे: तुरुंगातून सुटलेल्यांना विद्यापीठात प्रवेश मिळवून देणारा हा उपक्रम आता कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाच्या इतर अनेक केंद्रांवरही चालतो.